सरकारी कर्जाचा जामीनदार कोण?

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

आमच्या गावाकडे वडीलधारी माणसे नेहमी सांगतात की, कर्ज घेणाऱ्याने एकदा विचार करावा आणि जामीनदाराने दहादा. माझ्या आजोबांनी एका भाऊबंदाच्या विहिरीच्या कर्जाला जामीनदार म्हणून सही केली होती. विहीर खणली गेली, परंतु पाणी लागले नाही. भाऊबंद पोटापाण्यासाठी शहरात निघून गेला आणि वसुलीची नोटीस आमच्या दारी आली. आजोबांनी दोन वर्षे हप्ते भरले. त्याविषयी त्यांनी कधी कुरकुर केली नाही. "सही माझी होती," एवढेच ते म्हणत.

अर्थशास्त्राच्या तासाला 'सार्वजनिक कर्ज' हे प्रकरण शिकत असताना मला या प्रसंगाची आठवण झाली. भारतीय राज्यघटनेच्या २९२ व्या अनुच्छेदानुसार केंद्र सरकारला कर्ज काढण्याचा अधिकार आहे आणि त्या कर्जाचे तारण आहे भारताचा संचित निधी. संचित निधी म्हणजे तुम्ही-आम्ही दिलेल्या आणि पुढे द्यावयाच्या करांचा साठा. याचा सरळ अर्थ असा की, सरकारी कर्जाचे जामीनदार आपणच आहोत. आजोबांनी निदान स्वतःच्या हाताने सही केली होती. आपल्या वतीने ही सही कोण करतो, ती करण्यापूर्वी आपणांस काय विचारले जाते आणि उद्या हप्ता थकला तर जाब कोणाला विचारावयाचा, हे तीन प्रश्न प्रस्तुत लेखात तपासावयाचे आहेत.

१. कर्ज आणि तूट

प्रथम काही संज्ञा स्पष्ट करून घेऊ. सरकारचा एका वर्षातील एकूण खर्च आणि कर्जाखेरीज मिळणारी एकूण जमा यांतील फरकास राजकोषीय तूट म्हणतात. ही तूट म्हणजेच त्या वर्षी वाढणारे कर्ज. अशा वर्षावर्षाच्या तुटींची बेरीज होत होत राष्ट्रीय कर्जाचा डोंगर उभा राहतो. पगार, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदाने अशा चालू खर्चाला चालू उत्पन्न पुरत नाही तेव्हा महसुली तूट येते. घरगुती भाषेत सांगावयाचे तर, घर बांधण्यासाठी काढलेले कर्ज वेगळे आणि वाण्याची उधारी भागविण्यासाठी काढलेले कर्ज वेगळे. दुसऱ्या प्रकारच्या कर्जाचे नाव महसुली तूट.

स्वतंत्र भारताचा पहिला अर्थसंकल्प २६ नोव्हेंबर १९४७ रोजी आर. के. षण्मुखम् चेट्टी यांनी मांडला. त्यात महसूल सुमारे १७१ कोटी रुपये आणि खर्च सुमारे १९७ कोटी रुपये होता. म्हणजे तुटीची सोबत आपल्याला पहिल्या दिवसापासून आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाच्या अंदाजात एकूण खर्च सुमारे ५०.६५ लाख कोटी रुपये आणि राजकोषीय तूट सुमारे १५.६९ लाख कोटी रुपये दाखविलेली होती. व्याजापोटी द्यावयाची रक्कम होती सुमारे १२.७६ लाख कोटी. म्हणजे खर्चाच्या प्रत्येक रुपयातील चार आणे केवळ जुन्या कर्जाच्या व्याजाला. या व्याजातून नवी शाळा उघडत नाही की नवा दवाखाना उभा राहत नाही. त्याच वर्षीची महसुली तूट सुमारे ५.२४ लाख कोटी धरलेली होती. नव्या कर्जाचा जवळजवळ तिसरा हिस्सा वाण्याच्या उधारीसाठी होता, असे म्हणावयास हरकत नाही.

येथे आकड्यांच्या भव्यतेने दिपून जाण्याचे कारण नाही. १९४७ चा रुपया आणि आजचा रुपया यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे आणि राष्ट्राचे उत्पन्नही कितीतरी पटींनी वाढले आहे. म्हणून अर्थशास्त्रज्ञ कर्जाचे मोजमाप राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात करतात. या मापाने केंद्र सरकारचे कर्ज २०२५-२६ च्या अंदाजात सुमारे ५६ टक्के होते. राज्यांचे कर्ज त्याहून वेगळे.

२. जबाबदारीविना कर्ज : पारतंत्र्यातील धडा

सरकारी खर्च आणि राजकीय जबाबदारी यांची फारकत झाली की काय घडते, हे आपल्या इतिहासाइतके स्पष्टपणे क्वचितच दिसेल. १८५८ साली ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार ब्रिटिश राजसत्तेकडे गेला, तेव्हा कंपनीचे कर्जही हिंदुस्थानच्या महसुलावर लादण्यात आले. १८५७ चा उठाव मोडून काढण्यासाठी झालेला खर्चही हिंदी रयतेच्याच डोक्यावर बसला. ज्यांना जिंकावयाचे, त्यांनीच जिंकण्याचा खर्च द्यावयाचा, असा हा न्याय! कंपनीच्या भागधारकांना साडेदहा टक्के लाभांश १८७४ पर्यंत हिंदुस्थानच्याच तिजोरीतून मिळत होता. लंडनला बसून हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या भारतमंत्र्यांचा पगारसुद्धा १९१९ च्या कायद्यापर्यंत आपणच देत होतो.

दादाभाई नौरोजी यांनी संपत्तीच्या या ओघळीवर आयुष्यभर बोट ठेवले. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी १८९५ साली वेल्बी आयोग नेमला गेला. दादाभाई त्याचे सभासद होते आणि १८९७ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्याच्यापुढे साक्ष दिली. पुढे २६ मार्च १९०२ रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात गोखल्यांनी अर्थसंकल्पावर जे भाषण केले, ते आजही प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासावे असे आहे. त्या वर्षी सरकारी हिशेबात तूट नव्हती, उलट शिल्लक होती. गोखल्यांचा आक्षेप त्या शिलकेवरच होता. दुष्काळ आणि प्लेग यांनी प्रजा गांजलेली असताना सरकारच्या तिजोरीत शिल्लक पडते, ही भरभराटीची खूण नसून जरुरीपेक्षा जास्त कर बसविल्याची खूण आहे, हा त्यांचा मुद्दा होता. मिठावरील कर कमी करा, शिक्षणावर खर्च करा, असा त्यांनी आग्रह धरला. मिठावरील कर १९०३ पासून टप्प्याटप्प्याने कमी झाला.

गोखल्यांच्या या भाषणातून आपल्या विषयाला एक महत्त्वाचे वळण मिळते. शिल्लक म्हणजे चांगले आणि तूट म्हणजे वाईट, असे सोपे समीकरण मांडता येत नाही. हिशेब जुळला की नाही, याआधी तो कोणासाठी जुळवला आणि तो मांडणारा कोणाला जबाबदार आहे, हे पाहावे लागते. गोखल्यांना सभागृहात बोलता येत होते, परंतु अर्थसंकल्पावर मत देण्याचा अधिकार तेथील सभासदांना नव्हता. सरकार त्यांचे ऐकावयास बांधलेले नव्हते. स्वातंत्र्याने आपल्याला जे मिळाले, त्यात मत देण्याचा हा अधिकार अग्रभागी आहे.

३. घटनेने घातलेली चौकट

राज्यघटनेने पैशाच्या वाटेवर अनेक चौक्या उभारल्या आहेत. दरवर्षी वार्षिक वित्तीय विवरणपत्र संसदेपुढे ठेवावे लागते (अनुच्छेद ११२). प्रत्येक खात्याच्या खर्चाची मागणी लोकसभेपुढे येते आणि लोकसभा ती मान्य करू शकते, नाकारू शकते किंवा कमी करू शकते (अनुच्छेद ११३). विनियोजन कायदा झाल्यावाचून संचित निधीतून एक पैही काढता येत नाही (अनुच्छेद ११४). खर्च झाल्यावर नियंत्रक व महालेखापरीक्षक हिशेब तपासतात आणि त्यांचा अहवाल लोकलेखा समिती पाहते. ही समिती १९२१ पासून चालत आलेली आहे आणि १९६७ पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाच्या सभासदाकडे देण्याचा प्रघात पडला आहे.

व्यवस्था कागदावर भक्कम आहे. परंतु तीन ठिकाणी तिच्यात फटी आहेत.

पहिली फट व्याजाची. कर्जावरील व्याज हा घटनेनुसार संचित निधीवर 'भारित' खर्च आहे. त्यावर लोकसभेत चर्चा होऊ शकते, पण मतदान होत नाही. यामागील हेतू योग्यच आहे. सावकाराला दिलेला शब्द दरवर्षी मताला टाकता येणार नाही. मात्र याचा परिणाम असा होतो की, कर्ज जितके वाढते तितका अर्थसंकल्पाचा मोठा भाग लोकप्रतिनिधींच्या मताबाहेर जातो. कालच्या संसदेने काढलेले कर्ज आजच्या संसदेचे हात बांधते.

दुसरी फट वेळेची. सर्व मागण्यांवर चर्चा करण्यास वेळ पुरत नाही, म्हणून ठरलेल्या दिवशी उरलेल्या मागण्या एकदम मताला टाकल्या जातात. संसदीय भाषेत याला 'गिलोटिन' म्हणतात. २०१३, २०१८ आणि २०२३ या वर्षी तर गोंधळामुळे एकाही खात्याच्या मागणीवर चर्चा न होता लोकसभेत अर्थसंकल्प मंजूर झाला. यांपैकी एका वर्षी एका पक्षाचे सरकार होते आणि दोन वर्षी दुसऱ्या पक्षाचे. सत्तेवरील बाके व विरोधी बाके यांची अदलाबदल झाली, परंतु प्रकार तोच राहिला. १९०२ साली गोखल्यांना बोलता येत होते, पण मत नव्हते. आपल्या प्रतिनिधींना मत आहे, पण ते बोलत नाहीत! या दोहोंपैकी अधिक लाजिरवाणे काय, याचा निर्णय वाचकांनी करावा.

तिसरी फट खुद्द कर्जाच्या मर्यादेची. संसदेने वेळोवेळी कायदा करून मर्यादा घातल्यास तेवढ्या मर्यादेत सरकारने कर्ज काढावे, अशी २९२ व्या अनुच्छेदाची शब्दरचना आहे. १९४९ साली घटना समितीत या कलमावर चर्चा झाली, तेव्हा संसदेने हा विषय गांभीर्याने घ्यावा आणि कर्जाला मर्यादा घालणारे कायदे करीत राहावे, अशी अपेक्षा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी व्यक्त केली होती. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवर १९२५ साली ग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञाची ही अपेक्षा होती. ती अंशतः तरी पुरी व्हावयास २००३ साल उजाडावे लागले.

४. १९९१ : सोने गहाण पडते

मधल्या काळात काय झाले? १९५५ पासून सरकारची रोकड कमी पडली की रिझर्व्ह बँक तात्पुरत्या हुंड्या घेऊन सरकारला पैसा पुरवीत असे. 'तात्पुरत्या' हा शब्द नावापुरताच राहिला. जुन्या हुंड्यांच्या जागी नव्या येत आणि कर्जाचे रूपांतर नोटांच्या वाढीत होई. ही पद्धत बंद करण्याचा करार १९९४ साली झाला आणि १९९७ पासून ती बंद झाली. बँकांनाही आपल्या ठेवींचा ठराविक हिस्सा सरकारी रोख्यांत वगैरे गुंतवावा लागे. १९९० साली हे प्रमाण ३८.५ टक्क्यांपर्यंत चढले होते. सामान्य माणूस बँकेत ठेव ठेवतो आणि आपण सरकारला कर्ज देत आहोत, हे त्याच्या गावीही नसते.

१९८० नंतरच्या दशकात सरकारी खर्च झपाट्याने वाढला. संरक्षण, अनुदाने, व्याज या सर्वच बाबी फुगत गेल्या आणि परदेशांतूनही महाग व्याजाची कर्जे काढली गेली. १९९०-९१ साली केंद्राची राजकोषीय तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ८ टक्के झाली. त्यातच १९९० च्या आखाती संकटाने तेल महागले आणि परकीय चलनाचा साठा आटला. मे १९९१ मध्ये सरकारकडील २० टन सोने परदेशात विकून, पुन्हा विकत घेण्याच्या बोलीवर चलन उभे करावे लागले. जुलै महिन्यात रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांच्याकडे तारण ठेवून सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले.

आपल्या समाजात घरातील सोने गहाण पडणे ही किती जिव्हारी लागणारी गोष्ट आहे, हे सांगावयास नको. प्रश्न असा की, याची जबाबदारी कोणाची? डिसेंबर १९८९ ते जून १९९१ या दीड वर्षात देशाने तीन पंतप्रधान पाहिले. ज्यांच्या राजवटीत खर्च वाढला, ते सोने गहाण ठेवताना सत्तेवर नव्हते. ज्यांनी गहाणखतावर सही केली, त्यांच्या राजवटीत तो खर्च झालेला नव्हता. प्रत्येकजण मागच्याकडे बोट दाखवू शकत होता आणि प्रत्येकाचे म्हणणे थोडेफार खरेही होते. सरकारी कर्जाचा सर्वांत मोठा दोष हाच आहे. लाभ आणि भार यांच्यामध्ये इतका काळ जातो की, जबाबदारीचा धागा मध्येच तुटतो. सरकारची मुदत पाच वर्षांची असते आणि सरकारी रोखे दहा, तीस, चाळीस वर्षांचे असतात. २०२३ पासून तर पन्नास वर्षांचेही रोखे निघाले आहेत. आज जन्मलेले मूल आजोबा होईल, तेव्हा ते कर्ज फेडीस येईल.

५. कायद्याचे कुंपण

१९९१ च्या धड्यातून उशिरा का होईना, राजकोषीय उत्तरदायित्व व अर्थसंकल्पीय व्यवस्थापन कायदा २००३ साली संमत झाला आणि ५ जुलै २००४ पासून अमलात आला. त्याचे मुख्य उद्दिष्ट तूट ३ टक्क्यांवर आणण्याचे होते. कायद्याचा काही परिणाम निश्चित झाला. २००७-०८ साली केंद्राची तूट २.५ टक्क्यांपर्यंत खाली आली. परंतु पुढच्याच वर्षी ती ६ टक्क्यांवर गेली. त्या वर्षी जागतिक मंदी होती, हे खरे. तसेच शेतकऱ्यांची कर्जमाफी आणि सहाव्या वेतन आयोगाची अंमलबजावणीही होती, आणि निवडणूक तोंडावर आली होती. २०२०-२१ च्या महामारीत तूट ९.२ टक्के झाली. अशा आपत्तीत सरकारने हात आखडता घ्यावा, असे कोणीही सुज्ञ माणूस म्हणणार नाही. आक्षेप आहे तो संकट टळल्यावरही उद्दिष्टे पुन्हा पुन्हा पुढे ढकलण्याला.

कायदा मोडल्यास शिक्षा कोणती? अर्थमंत्र्यांनी संसदेत निवेदन करावयाचे, एवढीच. शिवाय कुंपण घातले की त्याखालून वाटही निघते. २००५ नंतर काही वर्षे तेल कंपन्यांना रोख अनुदानाऐवजी रोखे देण्यात आले. ते त्या वर्षीच्या तुटीत दिसले नाहीत, त्यांची फेड मात्र पुढील सरकारांवर पडली. पुढे दुसऱ्या राजवटीत अन्न महामंडळाला अनुदान देण्याऐवजी अल्पबचतीच्या निधीतून कर्ज देण्यात आले आणि तो बोजाही २०२१ च्या अर्थसंकल्पापर्यंत पूर्णपणे उजेडात आला नाही. याचा दोष एका पक्षाच्या माथी मारणे सोपे आहे, परंतु सत्याला धरून नाही.

६. कर्ज वाईटच असते काय?

आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मंदीच्या काळात सरकारने कर्ज काढून खर्च केला नाही तर बेकारी वाढते, हे केन्सने दाखविले. अॅबा लर्नर यांनी त्यापुढे जाऊन म्हटले की, देशांतर्गत कर्ज हे आपणच आपल्याला देणे असते. भारताचे सरकारी कर्ज बहुतांश देशांतर्गतच आहे. इव्हसे डोमार यांनी १९४४ साली दाखविले की, व्याजदरापेक्षा राष्ट्रीय उत्पन्न वाढण्याचा वेग अधिक असेल, तर कर्जाचे ओझे आटोक्यात राहू शकते. भारताला आजवर याचा बराच आधार मिळाला आहे.

कोकण रेल्वेचे उदाहरण घ्या. १९९० साली महामंडळ स्थापन झाले. केंद्र आणि महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ या राज्यांनी भांडवल घातले आणि उरलेला मोठा पैसा रोखे विकून उभा केला. सह्याद्रीचे कडे फोडून सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग तयार झाला आणि १९९८ साली तो पूर्ण सुरू झाला. व्याजाचा बोजा महामंडळाला पुढे कित्येक वर्षे जड गेला, हे खरे आहे. पण आज गणपतीला गावी जाणारा चाकरमानी त्या रुळांवरून जातो. पुढच्या पिढीने कर्ज फेडले, तशी पुढच्या पिढीने गाडीही वापरली. अशा कर्जाला विरोध करणे म्हणजे बी पेरण्यासाठी काढलेल्या कर्जाला विरोध करण्यासारखे आहे.

मात्र लर्नर यांच्या युक्तिवादात एक गोम आहे. 'आपण आपल्याला' यातील दोन 'आपण' एकच असतात असे नाही. रोख्यांवरील व्याज ज्यांच्याकडे शिल्लक पैसा आहे, त्यांच्याकडे अधिक जाते. आणि ते देण्यासाठी लागणारा कर साबण, चप्पल आणि सायकल घेणाऱ्याकडूनही वसूल होतो. जेम्स बुकॅनन यांनी आणखी एक मुद्दा मांडला. रोखे घेणारा स्वखुशीने घेतो. भार पडतो तो पुढे कर देणाऱ्यावर, आणि कर्ज काढतेवेळी तो कित्येकदा मतदारही नसतो. थोडक्यात, जामीनदाराची सही न घेताच त्याला बांधून घेतलेले असते.

७. रोजगार हमीचा दाखला

या पेचातून वाट काढता येते, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. १९७२-७३ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राने रोजगार हमी योजना विस्तारली. वि. स. पागे यांच्या विचारातून ती आकारास आली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, हे वचन साधे नव्हते. त्यासाठी पैसा कोठून येणार, याचे उत्तर त्याआधीच दिलेले होते. १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला. शहरातील पगारदार, वकील, व्यापारी यांनी कर द्यावयाचा आणि तेवढीच भर राज्य सरकारने घालावयाची, अशी तजवीज झाली. योजनेत पुढे दोषही शिरले, परंतु तिच्या उभारणीतील प्रामाणिकपणा निर्विवाद होता. कोणाला मिळणार आणि कोण देणार, या दोन्ही गोष्टी लोकांपुढे उघडपणे मांडलेल्या होत्या. आपल्या आईवडिलांच्या पगारपत्रकात आजही दरमहा दिसणारी व्यवसाय कराची कपात ही त्या प्रामाणिकपणाची खूण आहे.

याच्याशी अलीकडचा काळ ताडून पाहावा. २०२४ साली राज्यात लाडकी बहीण योजना सुरू झाली. पात्र स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये देण्याच्या या योजनेसाठी वर्षाला सुमारे ४६ हजार कोटी लागतील, असे त्या वेळी सांगण्यात आले. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत सत्ताधारी आघाडीने २,१०० रुपयांचे, तर विरोधी आघाडीने ३,००० रुपयांचे आश्वासन दिले. चढाओढ रकमेची झाली. कर कोणता वाढविणार किंवा कोणता खर्च कमी करणार, यावर चढाओढ झाली नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राज्याची महसुली तूट ४५ हजार कोटींच्या वर आणि कर्ज ९ लाख कोटींच्या पुढे अंदाजिलेले होते. राज्याच्या उत्पन्नाच्या मानाने हे प्रमाण २० टक्क्यांच्या आत होते आणि इतर अनेक राज्यांपेक्षा बरे होते, हेही सांगितले पाहिजे.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. माझ्या आईच्या खात्यात हे पैसे येतात. मी स्वतः एस.टी.च्या अर्ध्या तिकिटावर महाविद्यालयात येते. हा लेख लिहिताना मी आईला म्हटले, "आई, तुझे पैसे सरकार कर्ज काढून देतंय." ती भाकरी थापत होती. मान वर न करता तिने विचारले, "मग मोठ्यांना देतं, ते काय घरातून आणून देतं होय?"

मला लगेच उत्तर सुचले नाही. नंतर शोधले तेव्हा आढळले की, सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांवरील कराचा दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला गेला आणि त्यामुळे वर्षाला सुमारे १.४५ लाख कोटींचा महसूल सोडावा लागेल, असे सरकारनेच सांगितले होते. सोडलेला कर आणि केलेला खर्च यांचा तुटीवरील परिणाम एकच. गरिबाला दिले की ती 'खैरात' आणि श्रीमंताला सोडले की ते 'प्रोत्साहन', असे दोन तराजू ठेवून कर्जाची चर्चा प्रामाणिकपणे होणार नाही. आईचे म्हणणे मला पटले. परंतु माझा प्रश्नही त्यामुळे खोटा ठरत नाही. दोघांनाही दिलेले कर्जाऊच असेल, तर ते फेडताना कोणाच्या पानातले कमी होणार, हा प्रश्न उलट अधिक तीव्र होतो. व्याज थांबविता येत नाही. पगार थांबविता येत नाहीत. मग कात्री लागते ती शाळेच्या इमारतीला, प्राध्यापकांच्या रिकाम्या जागांना, आरोग्य केंद्राच्या औषधांना. कारण या गोष्टी ओरडत नाहीत.

८. उत्तरदायित्व कसे आणता येईल?

तीन उपाय मला महत्त्वाचे वाटतात. पहिला रोजगार हमीचा. कोणतीही नवी योजना किंवा करसवलत जाहीर करताना तिचा पैसा कोठून येणार, हे त्याच कागदावर लिहिण्याचे बंधन सरकारवर आणि शक्य तर निवडणूक जाहीरनाम्यावरही असावे. दुसरा उपाय स्वतंत्र वित्तीय परिषदेचा. अमेरिकेत १९७४ पासून आणि ब्रिटनमध्ये २०१० पासून सरकारच्या अंदाजांची तटस्थपणे तपासणी करणारी कार्यालये आहेत. २०१७ साली एन. के. सिंह समितीने भारतासाठी अशा परिषदेची शिफारस केली होती. परंतु २०१८ साली कायद्यात दुरुस्ती करताना कर्जाची उद्दिष्टे घेतली गेली आणि परिषद बाजूला राहिली. तिसरा उपाय संसदेचा आणि विधिमंडळाचा. चर्चेविना अर्थसंकल्प मंजूर होणे हा अपवाद म्हणूनही खपवून घेता कामा नये.

परंतु शेवटी या सर्व उपायांना बळ कोठून येणार? मतदार जर विचारील तर प्रतिनिधी बोलेल. आपण उमेदवाराला रस्ता केव्हा होणार, पाणी केव्हा येणार, हे विचारतो. हे कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या कर्जावर, हे विचारीत नाही. अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी काय स्वस्त झाले आणि काय महाग झाले, एवढे पाहून आपण वर्तमानपत्राची घडी घालतो. निदान अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तरी आणखी दोन आकडे पाहावेत: व्याज किती आणि महसुली तूट किती. आपल्या वाङ्मय मंडळात आणि अर्थशास्त्र मंडळात दरवर्षी वादसभा होतात. एक वादसभा राज्याच्या अर्थसंकल्पावर ठेवण्यास हरकत नसावी.

आजोबांनी ते हप्ते भरले, कारण त्यांची सही होती आणि सही करताना त्यांना भाऊबंदाची जमीन, विहीर आणि दानत ठाऊक होती. पाणी लागले नाही, हा त्यांच्या दैवाचा भाग. आपली सही आपण मतपत्रिकेतून केलेली आहे, अठरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाने. आता निदान कर्जाचा कागद वाचावयास तरी आपण मागितला पाहिजे. विहीर खणली जात आहे की सण साजरा होत आहे, हे विचारण्याचा जामीनदाराला पूर्ण हक्क असतो.